उंदीर, पिंजरा आणि प्लेगचे दिवस

जुन्या माणसांच्या बोलण्यात एक शब्दप्रयोग हमखास येत असे : ‘उंदीर पडले’. उंदीर मेले, असे कुणी म्हणत नसे. आढ्यावरून, कौलांच्या फटीतून, माळ्यावरच्या पोत्यांमागून उंदीर खाली पडू लागले की गावाला कळायचे, आता घर सोडायचे. मग बायकापोरे, गुरेढोरे आणि थोडे धान्य घेऊन लोक शेतात खोपटी बांधून राहात. गाव महिनोन्‌महिने ओस पडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लेग वऱ्हाडात आला तेव्हा आपल्या भागानेही हे दिवस पाहिले. आज वाशीमच्या बाजारात उंदराचा पिंजरा, चाप आणि चिकटपट्टी शेजारी-शेजारी मांडलेली दिसतात. घेणारा किंमत विचारतो आणि घेऊन जातो. या साध्या वस्तूमागे केवढा इतिहास आहे, याची आठवण आता कुणाला नाही.

सुरुवात थोडी मागून करू. प्रेषित मुहंमद (स.) यांच्या हदीसमध्ये उंदराचा उल्लेख अगदी घरगुती संदर्भात येतो. रात्री झोपताना दिवा विझवावा, भांडी झाकावीत, दार लावून घ्यावे, अशी ती शिकवण आहे. दिवा का विझवायचा, तर उंदीर तेलाच्या ओढीने पेटती वात ओढून नेतो आणि घराला आग लागते. तिथे उंदरासाठी वापरलेला अरबी शब्द ‘फुवैसिका’ आहे, म्हणजे मर्यादा ओलांडणारा छोटा उपद्रवी. दुसऱ्या एका हदीसप्रमाणे हजच्या इहराममध्ये शिकार मना असतानाही जे पाच प्राणी मारायची मोकळीक आहे, त्यात विंचू, घार, कावळा आणि चावरा कुत्रा यांच्याबरोबर उंदीर येतो. तेव्हा उंदीर मारावा की नाही, हा प्रश्न मुसलमानांसमोर फारसा कधी उभा राहिला नाही.

पण परवानगी तिथेच संपत नाही. मारायचे असेल तर नीट मारा, सुरीला धार लावून घ्या, जनावराला ताटकळत ठेवू नका, असेही त्याच परंपरेत आहे. आगीची शिक्षा देण्याचा अधिकार आगीच्या मालकाखेरीज कुणाला नाही, असेही आहे. आणि मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस तर मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. तिने मांजराला खायलाही दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे पकडून जगायला मोकळेही सोडले नाही. ती जहन्नममध्ये गेली ती या कोंडण्यामुळे. पिंजरा लावून दोन दिवस त्याच्याकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या माणसाने ही हदीस आठवून पाहावी. पकडणे हे एक काम आहे, पकडलेल्याचे पुढे काय करायचे हे दुसरे. आपल्याकडे पहिल्या कामाची हौस सगळ्यांना असते.

उंदीर आणि रोगराई यांचा संबंध आपल्याकडे किती जुना आहे, हे पाहायचे तर बादशाह जहांगीरची ‘तुज्क-ए-जहांगीरी’ उघडावी. 1618-19 च्या सुमारास आग्र्यात प्लेगची साथ होती. जहांगीरने एका उमरावाच्या घरातली हकिकत त्या घरच्या बाईच्या तोंडून ऐकून लिहून ठेवली आहे. घराच्या अंगणात एक उंदीर दारूड्यासारखा झोकांड्या खात आला. एका दासीने त्याला शेपटीला धरून मांजरापुढे टाकले. मांजराने झडप घातली, पण लगेच किळस आल्यासारखे सोडून दिले. मांजर आजारी पडले, त्याची जीभ काळी झाली. मग त्याच दासीच्या अंगावर गाठ आली आणि ती मेली. पाठोपाठ घरातली आणखी माणसे गेली. उरलेले घर सोडून बागेत राहायला गेले.

ही नोंद मी पुन्हा-पुन्हा वाचली आहे. उंदीर, त्याला हात लावणारी दासी, गाठ, मृत्यू, घर सोडणे, सगळा क्रम जहांगीरने बरोबर टिपला आहे. फक्त मधला एक दुवा त्याला दिसला नाही. तो दिसायला आणखी 280 वर्षे जावी लागली. आणि आपल्या खेड्यांतले लोक ‘उंदीर पडले’ म्हणून रानात पळायचे, तेव्हा त्यांनाही तो दुवा माहीत नव्हता. पण त्यांनी केले ते अगदी योग्य होते.

1896 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. तिथे रुग्ण सापडण्याआधी उंदीर मरत होते, पण सरकारचे लक्ष माणसांवर होते. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. आगगाड्यांत प्रवाशांची तपासणी, घरांची झडती, रुग्णांना उचलून छावणीत नेणे, सामान जाळणे असे सगळे सुरू झाले. पुण्यात रँडच्या काळात काय झाले, ते मराठी वाचकाला सांगायला नको. सावित्रीबाई फुले याच साथीत रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी गेल्या.

मराठी इतिहासात रँडची कथा जितकी सांगितली जाते, तितकी मदनपुऱ्याची सांगितली जात नाही. 9 मार्च 1898 रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात जुलाहा, म्हणजे मोमीन विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला प्लेगचे पथक आले. घरच्यांनी नकार दिला, गर्दी जमली, दगडफेक झाली, गोळीबार झाला. दंगल शहरभर पसरली आणि दोन्हीकडची माणसे मेली. पडदानशीन मुलीला परका पुरुष तपासणार, आणि तिला उचलून नेले तर ती परत येणार की नाही हे कुणीच सांगत नाही, हा त्या विणकरांचा प्रश्न होता. त्यांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या घरात झडती घेतली जात होती, त्या घरात खरा गुन्हेगार भिंतीच्या बिळात बसलेला होता आणि त्याच्याकडे कुणी पाहतही नव्हते. याच काळात आगाखान तिसरे, सुलतान मुहंमद शाह यांनी स्वतः लोकांसमोर हाफकिन यांची लस टोचून घेतली आणि आपल्या जमातीची भीती घालवली. बंदुकीने जे साधत नव्हते, ते असे साधले. मदनपुऱ्यानंतर सरकारलाही जबरदस्तीचा हात आखडता घ्यावा लागला.

मधला दुवा सापडला तो 1898 मध्येच. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत एक प्रयोग केला. त्याने आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर असे एकाच भांड्यात ठेवले की त्यांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसवा उडी मारून जाऊ शकतील. निरोगी उंदराला प्लेग झाला. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते. थंड अंगावर पिसवा थांबत नाहीत. त्या दुसरे ऊबदार अंग शोधतात. दुसरा उंदीर मिळाला तर त्याच्यावर जातात आणि उंदीर संपले तर माणसावर. आग्र्याच्या त्या दासीने शेपटीला धरून उंदीर उचलला, तेव्हा तिच्या हातावर काय चढले असेल, याचे उत्तर इथे मिळते.

सिमाँवर सुरुवातीला बहुतेकांनी विश्वास ठेवला नाही. पुढे 1905 पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग संशोधनाचे मोठे काम सुरू झाले. ग्लेन लिस्टन हे त्यातले प्रमुख नाव. प्लेग झालेल्या रिकाम्या घरात ते गिनीपिग मोकळे सोडत. दुसऱ्या दिवशी त्या गिनीपिगच्या अंगावर उंदराच्या पिसवा सापडत. गिनीपिग हाच पिसवांचा सापळा. परळला खास झोपडीवजा खोल्या बांधून आणखी प्रयोग झाले. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातले जनावर प्लेगने मरे. तोच पिंजरा दोन फूट उंच टांगला तर जनावर वाचे, कारण पिसूची उडी तेवढी पोहोचत नाही. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागदाचा पट्टा अंथरला होता. पिसवा त्यावर अडकत आणि आतले जनावर सुरक्षित राहत असे. आज दुकानात जी चिकटपट्टी उंदरासाठी मिळते, तिचा हा नातलग तेव्हा माणसाला उपयोगी पडला होता. पण तिथे चिकटल्या त्या पिसवा होत्या, हे ध्यानात ठेवायला हवे.

या संशोधनासाठी उंदीर लागत होते आणि ते एक-दोन नव्हे. एका वर्षात एक लाखाहून अधिक उंदीर तपासले गेले. रात्री मुंबईतल्या घराघरांत, गटारांजवळ, वखारींत पिंजरे लावायचे, सकाळी गोळा करायचे. प्रत्येक उंदीर कुठल्या जागी सापडला, याची चिठ्ठी त्याच्याबरोबर परळला जायची. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. गटारात राहणारा मोठा तपकिरी उंदीर आधी मरतो, त्यानंतर दहाएक दिवसांनी घरातला काळा उंदीर, आणि त्यानंतर दोनेक आठवड्यांनी माणूस. म्हणजे पिंजरा हे नुसते मारायचे साधन राहिले नाही, ते खबर देणारे साधन झाले. ज्या गल्लीतला उंदीर आजारी, तिथल्या लोकांना पंधरा दिवस आधी सावध करता येई. आठ वर्षांपूर्वी ज्या शहराने प्लेगच्या पथकावर दगड फेकले होते, त्याच शहरातल्या लोकांनी आपल्या घरात पिंजरे लावू दिले. पिंजरा ठेवायला येणारा माणूस कुणाच्या मुलीला उचलून नेत नव्हता, एवढाच फरक होता.

सगळे सुरळीत झाले, असे मात्र नाही. पापाच्या भीतीने किंवा भूतदयेने पकडलेले उंदीर गुपचूप सोडून देणारेही होते. जैन घरांमध्ये हा पेच अधिक तीव्र होता. कारंज्यासारख्या जैनांच्या जुन्या पेठेजवळ राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो समजायला हवा. त्यांची करुणा खरी होती. फक्त सोडलेला उंदीर एकटा जात नव्हता, अंगावरच्या पिसवा घेऊन शेजारच्या आळीत जात होता. आजही पिंजऱ्यातला उंदीर दुसऱ्या गल्लीत नेऊन सोडणारे सज्जन प्रत्येक मोहल्ल्यात असतात. ते बहुधा अंधार पडल्यावर जातात, यावरून आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत असावे.

दुसरे टोक म्हणजे बक्षीस. 1902 मध्ये फ्रेंचांच्या ताब्यातल्या हनोई शहरात प्लेगच्या भीतीने उंदरामागे पैसे द्यायचे ठरले. पुरावा म्हणून फक्त शेपूट आणायची. काही दिवसांनी शहरात बिनशेपटीचे उंदीर फिरताना दिसू लागले, कारण लोक शेपूट कापून उंदीर सोडून देत होते, पिलावळ वाढावी म्हणून. पुढे शहराबाहेर उंदीर पाळले जात असल्याचेही उघड झाले. आकडा मागितला की आकडा मिळतो. आपल्याकडे 2018 मध्ये विधानसभेत एकनाथ खडसे यांनी मंत्रालयात सात दिवसांत 3,19,400 उंदीर मारल्याच्या हिशेबावर प्रश्न विचारला, तेव्हा सरकारी खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नसून गोळ्यांचा आहे. महाराष्ट्र बरेच दिवस हसत होता. मला हनोई आठवले.

मुंबईत पुढे दरवर्षी लाखो उंदीर मारले गेले, तरी प्लेग वर्षानुवर्षे येत राहिला. देशभरात या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. उंदराची मादी तीनेक आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिले देते. जोवर धान्य उघडे आणि बिळे मोकळी, तोवर पिंजरा रिकामी झालेली जागा फक्त पुढच्या उंदरासाठी तयार करतो.

हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे सरकार म्हणून नोंदलेले हे बासीम इंग्रजी अमलात हैदराबादच्या निजामाकडून घेतलेल्या वऱ्हाडातला एक जिल्हा होते. 1905 मध्ये तो जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत वाटला गेला आणि 1 जुलै 1998 रोजी वाशीम म्हणून पुन्हा उभा राहिला. या काळात ज्वारी-कापसाच्या जागी सोयाबीन आले, कणग्या आणि पेवांच्या जागी प्लास्टिकची पोती आली. उंदराच्या दृष्टीने हा बदल चांगलाच झाला. शेणामातीने लिंपलेली कणगी कुरतडायला वेळ लागत असे, पोते एका रात्रीचे काम आहे. 1899-1900 च्या मोठ्या दुष्काळानंतर पाठोपाठ प्लेग आला, तेव्हा कापसाच्या आणि धान्याच्या गाठोड्यांतून उंदीर अन् पिसवा रेल्वेच्या वाटेने आत शिरल्या. माल थांबवता येत नव्हता. घर सोडता येत होते, म्हणून लोकांनी घर सोडले.

घर सोडण्याचीही दुसरी बाजू आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीचा भूकंप झाला. मराठवाड्यातले लोक पुढे कित्येक महिने दगडामातीच्या घरांत झोपायला धजावत नव्हते. धान्य मात्र घरातच राहिले. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवा फार झाल्याची तक्रार आली, मग गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले. माणसाविना घर आणि घरात धान्य, म्हणून उंदीर माजले, असा त्याचा अर्थ तज्ज्ञांनी लावला. पुढच्याच महिन्यात सुरत हादरले आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. तेव्हा आरोग्य खात्याने जुना धडा पाळला : आधी पिसवा मारायची पावडर, उंदीर नंतर. क्रम उलटा केला तर मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसावर येतात.

आजच्या घरात प्लेग नाही, पण उंदराच्या मुतातून होणारा लेप्टोस्पायरोसिस आहे, चावा आहे. म्हणून पिंजऱ्याला आणि मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नये. हातात पिशवी किंवा मोजे घालावेत, पिंजरा नंतर ब्लीचिंगच्या पाण्याने धुवावा. मेलेला उंदीर रस्त्यावर फेकू नये, पुरावा. विषाबद्दल माझे मत कडक आहे. झिंक फॉस्फाईड, पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट, सल्फॉसच्या गोळ्या या वस्तू लहान मुले असलेल्या घरात असूच नयेत. ती पेस्ट मंजन समजून दात घासल्याच्या घटना घडतात, आणि पोटात गेल्यावर तिच्यावर उतारा नाही. विष खाल्लेला उंदीर भिंतीत मरतो तो वेगळाच. त्याला खाणारे मांजर किंवा घुबडही मरते, आणि घुबडाइतका फुकटचा मूषकमार गावात दुसरा नाही.

चाप नीट बसला तर क्षणात काम करतो. लीड्सच्या जेम्स अ‍ॅटकिन्सनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढलेला लाकडी चाप आजही जवळपास त्याच रूपात विकला जातो, यातच त्याचे उत्तर आले. मात्र तो मुलांच्या आणि मांजराच्या वाटेवर ठेवायचा नाही. चिकटपट्टीचे समर्थन मला करता येत नाही. तीवर उंदीर तासन्‌तास, कधी दोन-दोन दिवस जिवंत तडफडतो, स्वतःचे पाय कुरतडतो आणि शेवटी भुकेने-तहानेने मरतो. पाल आणि चिमण्याही अडकतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने तिच्या वापराविरुद्ध राज्यांना कळवले, काही राज्यांनी बंदीचे आदेशही काढले. इंग्लंडमध्ये सामान्य माणसाने ती वापरणे जुलै 2024 पासून गुन्हा आहे. आपल्याकडे मांजराची हदीस चौदाशे वर्षांपासून आहे. आणि पिंजऱ्यात सापडलेल्या उंदरावर उकळते पाणी ओतण्याची जी रीत काही घरांत अजून आहे, तिला आगीची शिक्षा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

राहिला पिंजरा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, तेव्हा पहिले दोन दिवस भज्याचा किंवा तेल लावलेल्या भाकरीचा तुकडा ठेवून दार उघडेच बांधून ठेवावे. भिंतीच्या कडेला ठेवावा, खोलीच्या मध्यात नाही, कारण उंदीर भिंत धरून चालतो. सोयाबीनची पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांच्या मांडवावर ठेवली तर त्याला लपायला जागा राहत नाही. करंगळी जाईल एवढी फट लहान उंदराला पुरते, ती सिमेंट आणि काचेच्या तुकड्यांनी बुजवावी. पिंजरा इशाच्या नमाजनंतर लावावा आणि फजरला उठल्यावर, चहाच्या आधी, पाहावा. दिवसभर लावून ठेवायचा असेल तर संध्याकाळी पुन्हा एकदा. आठवड्याभरासाठी गावाला जायचे असेल तर दार बांधून, रिकामा, माळ्यावर ठेवून जावे.